हरळीला पाणी

५ फेब्रुवारी, गुरुवार. संकष्टी.

सकाळी सकाळी चौघीजणी दुरड्या घेऊन दारात. "वैनी, दुर्वा घेतो वाईच." मी हो म्हणायच्या आत बसल्यासुद्धा. तेवढ्यात हे नुसत्या बनियनवर धावत बाहेर. "आवं उठा, उठा तिथनं! मधी बसू नका, कडंची घ्या!" बायका तोंडाला पदर लावून हसत कडेला सरकल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोष कुणाला देऊ? थाप माझीच. मागच्या वर्षी कोरेगावहून माहेरची माणसं आली, भावजयीनं विचारलं, अंगणात हे काय लावलंय? लाजेपोटी तोंडाला आलं ते बोलले : यांचा गणपतीला नवस आहे, दुर्वा लावल्यात. ते गावभर झालं. खरं सांगायचं तरी कुठल्या तोंडानं? की आमच्या सुभेदारसाहेबांनी पेन्शनीत आल्यावर हळद वाळवायचं खळं मोडलं आणि तिथं गोल्फचं ग्रीन केलं. लग्नाच्या मांडवाएवढी हरळी. मध्ये भोक, भोकात पाइपाचा तुकडा, काठीला माझ्या जुन्या लाल झंपराचा झेंडा. हे रोज सकाळी अनवाणी उभे राहून पांढरा चेंडू त्या भोकात ढकलतात. त्याला पट मारणं म्हणतात.

बालवाडीतली माझी पोरं याहून शहाणी होती.

१० फेब्रु., मंगळवार

हळद काढायला बायका लावल्यात. रानात मुळाशी हरळी निघतेच. दुपारी घरी जाताना त्यातल्या एकीनं हरळीचा भारा आणून ग्रीनच्या कडेला टाकला. "घ्या वैनी, तुमच्या मालकास्नी. आमी जलमभर उपटतोय, ते लावत्यात." सगळ्या खिदळल्या. मीही हसले, काय करणार.

संध्याकाळी बघते तर हे त्या भाऱ्यातली हरळी निवडून जिथं टक्कल पडलंय तिथं लावतायत! पालथे पडून, माझ्या शिवणाच्या कात्रीनं कड कापतायत. रस्त्यावरून जाणारा येणारा बघतोय. म्हटलं, आवं लोकं बघत्यात. तर म्हणाले, "बघू दे की. मिल्ट्रीत न्हाई का कर्नल बघायचा."

खळं गेल्यापासून दोन हंगाम हळद आक्काच्या अंगणात वाळते. आक्का म्हणजे थोरली जाऊ, भिंतीला भिंत लागून घर. अंगण देते, नाही असं नाही. पण वर्षभर प्रत्येक हळदीकुंकवाला चार बायकांत म्हणते, "आमच्या सुमनला खळं न्हाई, नवऱ्यानं बाग केलीया." बाग हा शब्द असा उच्चारते की जेवण जात नाही.

१७ फेब्रु., मंगळवार

हे आज विचित्र बोलले. पट मारताना म्हणाले, भोक अर्धंच दिसतंय. मला वाटलं चेष्टा. तर म्हणे उजव्या डोळ्यात कोपऱ्यातून काळी सावली वर वर चढतेय. डावा डोळा मिल्ट्रीत असतानाच मार लागून अधू झालेला, त्यात नुसता उजेड-अंधार. म्हणजे असलेला एकच डोळा…

घाबरले. लेकाला, विकासला फोन केला. तो पुण्याहून रात्री निघतोय. दस्तगीरभाईंना पण केला, ते म्हणाले, "वैनी, पयल्या गाडीनं मिरजंला घिऊन या. मी दवाखान्यात हुबा ऱ्हातो." दस्तगीरभाई यांचे शाळासोबती. मिरजेत तंबोरे करतात. यांच्या पटरची, म्हणजे चेंडू ढकलायच्या त्या काठीची, लाकडी मूठ त्यांनीच बसवून दिलीय. दोघांचं डोकं एकाच चाकावर घडवलेलं.

१९ फेब्रु., गुरुवार

मिरज. डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय. ऑपरेशन उद्याच. नंतर दोन-तीन आठवडे पालथं झोपायचं, तोंड जमिनीकडं. आत हवेचा फुगा भरतात, तो पडद्याला दाबून धरतो म्हणे. हे डॉक्टरांना म्हणाले, "फिकर नको साहेब. पट मारताना बी खालीच बघावं लागतंय." डॉक्टर हसले. मला हसू येईना.

तेवढ्यात कुकरवाल्याचा फोन. हळद शिजवायची आपली पाळी शनिवारी. चुकली तर पुढची कधी, त्यालाच माहीत नाही. काढलेली हळद ढिगात गरम होऊन कुजेल. हे म्हणाले, तू जा. विकास हाय, दस्तगीर हाय. खरंच निघून आले. गाडीत बसल्यावर वाटलं, नवऱ्याचा एकुलता डोळा फाडतायत आणि ही बाई हळदीच्या मागं.

२० फेब्रु., शुक्रवार

ऑपरेशन झालं. ठीक झालं म्हणतात. चार-पाच दिवस दवाखान्याजवळ राहायला सांगितलंय म्हणून दस्तगीरभाईंच्या घरीच थांबणार. कालपासून रोजे सुरू झालेत त्यांचे, त्यात आमचं हे लोढणं.

आक्काकडे गेले, अंगणाचं विचारायला. तिची हळद अजून पसरलेलीच. म्हणाली, "अर्दं अंगन उद्या घे, उरल्यालं सोमवारी मोकळं करून देती." मग थांबून, "न्हाईतर बागंत वाळीव की." घरातल्या लेकीसुना हसल्या.

२१ फेब्रु., शनिवार

लिहायला हात होत नाही, पण लिहिते.

पहिला कुकर निघाला, वाफाळती हळद. गडी म्हणाला, "वैनी, कुठं वतायची? आक्काच्यात न्यायची ना?" मी झेंड्याची काठी उपटून भिंतीला लावली आणि म्हटलं, हितंच.

"हितं? सुभेदार बोंबलतील की."

"सुभेदार मिरजंत हायेत."

काळी ताडपत्री अंथरली, तिच्यावर हळद. दिवसभर एकामागून एक कुकर. संध्याकाळपर्यंत हरळीचं एक पातं दिसेना. माझं खळं मला परत मिळालं. आक्का भिंतीवरून बघत होती, एक शब्द बोलली नाही. किती बरं वाटलं! खोटं कशाला बोलू, लय बरं वाटलं.

२३ फेब्रु., सोमवार

आक्कानं निरोप पाठवला, अंगण मोकळं झालंय, आण हळद. मी कळवलं, असू दे, आहे ती बरी आहे.

ऊन कडक. हळद मस्त वाळतेय. ताडपत्रीवर पाय ठेववत नाही, चटके बसतात.

२५ फेब्रु., बुधवार

विकासचा फोन. हे दस्तगीरभाईंच्या कारखान्यातच सतरंजीवर पालथे पडलेत. तंबोरा घ्यायला कोल्हापूरहून कुणी गवई आले होते, त्यांना जमिनीकडं तोंड करून सांगत होते, "माझं सोताचं ग्रीन हाय घरी. मिल्ट्रीत चार वर्सं सायबांचं ग्रीन राखलं, रोलर वडला, पन पट मारायची आमाला परवानगी न्हवती. म्हनून रिटायर झाल्यावर सोताचं केलं." आणि मग म्हणे, "आता मी हितं, पन मिसेस बघती. पानी चुकवायची न्हाई ती."

विकास हसत सांगत होता. "आई, तू खरंच पाणी घालतेस का गं?" म्हटलं, घालते की.

परवानगी नव्हती हे मला माहीत होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, शंभरदा ऐकलंय. पण ते मला नेहमी गोष्टीसारखं वाटायचं. स्वतःचं केलं, हे कधी नीट ऐकलंच नव्हतं.

फोन ठेवला आणि ताडपत्रीचा कोपरा उचलला. खाली गवत उकडलेलं. पांढरट पिवळं, चपटं, हाताला लागल्यावर सुटून येतंय. शिळ्या पालेभाजीचा वास. कोपरा परत खाली टाकला. जणू झाकलं की झालं.

२६ फेब्रु., गुरुवार

उद्या घरी येतायत. दिवसभर गडी लावून हळद आक्काच्या अंगणात नेली. आक्का म्हणाली, "आता गं का?" काय सांगू? म्हटलं, हे येणार, धूळ नको. ती मान हलवून आत गेली.

ताडपत्री काढल्यावर सगळं दिसलं. मांडवाएवढं जळकं. कडेला बोटभर हिरवी किनार उरलीय, त्यानं तर आतलं आणखीच भकास दिसतं. पाइपाचा तुकडा हळदीनं पिवळा झालाय. तो घासत बसले, निघेना. झेंडा परत लावला.

का केलं मी हे? आक्काचं तोंड बंद करायला? की त्या संकष्टीच्या बायकांचं? यांचा काय संबंध होता त्यात? पालथं पडलेल्या माणसाच्या पाठीमागं त्याच्या आवडीच्या गोष्टीवर उकळती हळद ओतली मी. शत्रूसुद्धा समोरून येतो.

२७ फेब्रु., शुक्रवार

आले. डोळ्यावर पट्टी नाही, पण फुगा आहे तोवर नुसतं धुरकट, हात हललेला तेवढा कळतो. विकासनं हाताला धरून आत आणलं. मी मुद्दाम अंगणाच्या बाजूला चालले, मध्ये आडोसा म्हणून. तरी हे दारातच थांबले. नाक वर केलं.

"हळदीचा वास येतोय गं. कुठं घातलीया वाळत?"

"आक्काच्या अंगणात."

आज घातलेली आहेच तिथं. खोटं नाही. पण खरं तरी कुठंय?

आतल्या खोलीत पाटावर उशी ठेवून पालथं झोपवलं. कपाळ टेकल्या टेकल्या पहिला प्रश्न, "सुमन, ग्रीनला पानी घातलं का?"

"घातलं की."

२८ फेब्रु., शनिवार

सकाळी डोळे उघडायच्या आत, "सुमन, पानी घातलं का?" आता घालते म्हटलं. खिडकी अंगणातच उघडते, ऐकू येणार. पाइप घेऊन मेलेल्या हरळीवर पाणी सोडलं. विकास पुण्याला निघाला होता, बॅग खांद्यावर घेऊन बघत उभा राहिला. एरवी पाया पडून जातो, आज नुसतं "येतो आई" म्हणाला.

२ मार्च, सोमवार

रोज पाणी घालते. खिडकीजवळ जरा जास्त वेळ, नीट ऐकू जावं म्हणून. आतून आवाज येतो, "भोकात पानी साचू देऊ नगंस." मी म्हणते, न्हाई साचत.

आज विचारलं, "कडंला पिवळं पडलंय का गं कुठं?" मी म्हटलं, नाही, कडेला हिरवंगार आहे. हे खरं आहे! कडेला आहेच हिरवं. असल्या खऱ्याचं काय लोणचं घालायचं.

जेवण भरवताना ताट खाली ठेवावं लागतं, मान वाकवूनच खातात. भातावर आमटी वाढताना माझा हात धरून म्हणाले, "तुला लय तरास झाला ह्या दुखन्यानं." मी हात सोडवून घेतला.

६ मार्च, शुक्र. संकष्टी.

विसरलेच होते. चौघी आल्या दुरड्या घेऊन. मी धावत फाटकाशी गेले, ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी माझ्या खांद्यावरून बघितलं. "आगं बया, काय झालं गं हे?" म्हटलं, रोग पडला. एक म्हातारी म्हणाली, "हरळीला कुटला आलाय रोग? जाळली तरी मरत न्हाई ती." जाळली म्हणताच मी तिच्याकडं चमकून बघितलं. तिच्या काही मनात नव्हतं.

कडेच्या चार काड्या खुडून नेल्या. हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

९ मार्च, सोमवार

दस्तगीरभाई आले, एसटीनं, उन्हातून. रोजा, त्यामुळं चहा नाही, पाणी नाही. तंबोऱ्याच्या दांडीचं लाकूड उरलं होतं त्याचा नवा पटर करून आणलाय. गुळगुळीत, सुंदर. फाटकातून आत आले आणि थांबले. ग्रीनकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी खाली बघितलं.

आत तासभर दोघांच्या गप्पा. हे पटर हातानं चाचपून बघत होते, लहान पोर चाचपतं तसं. "आता उठलो की पयला पट ह्यानंच." दस्तगीरभाई म्हणाले, "व्हय, व्हय."

निघताना चपला घालत हळू आवाजात, "वैनी, तुमी सांगा त्याला. मी सांगनार न्हाई. मला इचारलं तर मातर खोटं बोलनार न्हाई, रोजा हाय माजा."

म्हटलं, सांगते. किती सहज म्हटलं!

१३ मार्च, शुक्र.

मिरजेला तपासणी. पडदा जागेवर बसलाय. देव पावला, खरंच. आता बसायला, थोडं चालायला परवानगी. फुगा विरत आलाय, वरच्या बाजूनं दिसायला लागलंय म्हणतात. गाडीत माझ्याकडं बघून म्हणाले, "तुजं केस पांडरं झालं की गं." मला रडू आलं. आनंदानं, असं त्यांना वाटलं असेल.

सांगायचं ठरवून गेले होते. रस्त्यात सांगू म्हटलं. मग घरी गेल्यावर. मग जेवण झाल्यावर.

१५ मार्च, रवि.

आक्का भेटायला आली. मी चहाला आत. चहा घेऊन येते तर आक्का बोलता बोलता गप्प झाली. यांचं तोंड भिंतीकडं. काय बोलली असेल? विचारलं असतं तर कळलं असतं, पण विचारायला तोंड पाहिजे. आक्का बशीत चहा ओतून म्हणाली, "हळद चांगली वाळली हं तुजी." एवढंच.

संध्याकाळी मी वाट बघत होते बोलतील म्हणून. एक नाही, दोन नाही. सकाळी मात्र नेहमीसारखं, "सुमन, पानी घातलं का?"

(हे सोमवारी सकाळी लिहितेय.)

१९ मार्च, गुरुवार. पाडवा.

गुढी उभारली. हे स्वतः उठून आंघोळ करून आले, डोक्यावरून पाणी न घेता. नवा पटर घेतला. "चल."

म्हटलं, आज नको, ऊन आहे. म्हणाले, "सनाचा दिवस हाय. चल."

पायऱ्या उतरताना माझा खांदा धरला. मी तोंड उघडलं, "आवं, जरा ऐकता का," तोवर चप्पल काढून पाय ठेवलासुद्धा. करकरलं. वाळल्या काडीवर पाय पडल्यावर होतं तसं. उभे राहिले. दुसरा पाय ठेवला. खाली बघितलं नाही.

"जा, झेंडा काड आन भोकापाशी हुबी ऱ्हा. तू दिसतीस मला, भोक दिसत न्हाई."

गेले. उभी राहिले. पट मारला. चेंडू त्या टणक जमिनीवर सुसाट आला आणि माझ्या पायाजवळून पार भिंतीला जाऊन लागला.

"लय फास्ट झालंय," म्हणाले. जरा हसले. "सायबांना असलंच पायजे असायचं."

मग मला राहवेना. "तुम्हाला माहीत होतं?"

"पयल्याच दिवशी. ओल्या गवतावर पानी पडल्यालं ऐकू येत न्हाई, सुमन. तुजं पानी तडतड वाजत हुतं."

म्हणजे मी त्यांना फसवायला जो आवाज करत होते, त्यानंच त्यांना सगळं सांगितलं होतं. आणि मी खिडकीजवळ जास्त वेळ…

"मग रोज का विचारायचात?"

"तू कवा सांगतीस ते बगत हुतो."

काठी हातात धरून उभी राहिले. तेच जवळ आले, चाचपडत. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जाऊ दे. आक्काचं अंगन भरल्यालं आसनार. तुला जागाच न्हवती, तू तरी काय करशील."

झेंडा परत लावून मी आत गेले. पुरणपोळ्या केल्या. आग्रह करून वाढल्या. त्यांनी आवडीनं खाल्ल्या.

२० मार्च, शुक्रवार

झोप नाही लागली.

जागा होती. अर्धं अंगण शनिवारी होतं, सगळं सोमवारी होतं. मी नको म्हटलं होतं. हे त्यांना माहीत नाही. की आक्कानं सांगितलंय? सांगितलं असेल तर काल ते मला सुटायला वाट देत होते, आणि मी त्या वाटेनं चोरासारखी निसटले. सांगितलं नसेल तर आणखी वाईट, कारण मग ते बिचारे मनापासून बोलले.

उद्या ईद आहे असा दस्तगीरभाईंचा फोन आला होता. शीरखुर्मा घेऊन येतो म्हणाले. मी सांगितलं का, हे त्यांनी विचारलं नाही. पण फोन लगेच ठेवलाही नाही.

सकाळी चहा दिला. हे खिडकीत बसलेत, गॉगल लावून, अंगणाकडं तोंड. ग्रीन मेलंय हे आता दोघांनाही माहीत आहे. त्यात लपवण्यासारखं काही उरलं नाही. तरी मी कप उचलायला वाकले तर नेहमीच्याच आवाजात म्हणाले,

"सुमन, पानी घातलं का?"

कप हातात तसाच. तोंडापर्यंत आलं होतं.

"घालते," म्हटलं, आणि बाहेर आले. पाइप सोडलाय. पायरीवर बसून हे लिहितेय. खिडकी उघडी आहे, पाणी वाजतंय, आणि ते ऐकतायत.